नवा लाँगबो घरी आला, आता त्याला बाण जुळवायचे

माझा पहिला लाकडी लाँगबो, म्हणजे जुन्या पद्धतीचं उंच, साधं धनुष्य, आला तेव्हा त्याच्या खालच्या लिम्बवर (मुठीखालच्या वाकणाऱ्या भागावर) शाईने लिहिलेलं होतं: ३५ पाउंड, २८ इंच, म्हणजे २८ इंच ओढल्यावर ३५ पाउंडांचा जोर. मी तेवढं वाचलं आणि ३५ ते ४० पाउंड स्पाईनचे, म्हणजे तेवढ्या ताठपणाचे, बारा लाकडी बाण मागवले. विकणाऱ्यानेही काही विचारलं नाही. पुढचे दोन महिने माझा जवळजवळ प्रत्येक बाण डावीकडे जात राहिला. मी उजव्या हाताने दोरी ओढते. पकड बदलली, उभं राहणं बदललं, दोरी सोडण्याची पद्धत बदलली. शेवटी क्लबातल्या एका ज्येष्ठ काकांनी बाण हातात घेऊन दोन्ही टोकांना धरून वाकवून पाहिला आणि म्हणाले, “अगं, हा तुझ्या धनुष्याचा बाणच नाही.”

तेव्हापासून कुणीही लाँगबो घ्यायचं म्हणालं की मी आधी बाणांचं विचारते. आपल्याकडे हे सांगणारं माणूस सहज भेटत नाही. २०२३मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे बर्लिनला जगज्जेते झाले ते कम्पाउंड, म्हणजे कप्प्या लावलेल्या आधुनिक धनुष्यावर. त्यामुळे दुकानं, प्रशिक्षक, सुटे भाग सगळं कम्पाउंड आणि रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) यांच्याभोवती फिरतं. लाकडी बाणांचा हिशेब मात्र आपला आपणच करावा लागतो. तो कसा करायचा ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी जागा, मग स्वतःचं माप

मुंबईत पहिला प्रश्न जागेचा. सोसायटीची गच्ची, गॅलरी, इमारतीमागची मोकळी जागा, यांतलं काहीही चालणार नाही. तीस पाउंडाचं धनुष्यही बाण शंभर मीटरच्या पुढे सहज फेकतं आणि खाली माणसं राहतात. राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला जाऊन ‘जरा मारून बघू’ हेही नको. क्लबात नाव घाला. दादरला शिवाजी पार्कवरच्या सावरकर स्मारकात धनुर्विद्या शिकवली जाते, आणखीही ठिकाणं आहेत. नाव घालण्याआधी एकच विचारा: लाकडी धनुष्य आणि लाकडी बाण चालतील का? काही ठिकाणी फक्त रिकर्व्ह आणि कम्पाउंडच घेतात.

मग ड्रॉ लेंथ, म्हणजे तुम्ही दोरी किती इंच मागे ओढता ते. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरा आणि मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटापर्यंत मोजून घ्या. त्याला २.५ने भागा. माझं माप १६२ सेंटिमीटर, म्हणजे ६४.८ सेंटिमीटर, साडेपंचवीस इंच. हा अंदाज असतो. पक्कं माप क्लबातल्या हलक्या धनुष्यावर घ्या: लांब बाण लावून नेहमीसारखं ओढा आणि कुणाला तरी मुठीच्या पुढच्या कडेपाशी बाणावर पेन्सिलची खूण करायला सांगा. लाँगबोवर कोपर थोडं वाकलेलं राहतं, त्यामुळे रिकर्व्हवरच्या मापापेक्षा हे माप थोडं कमी भरलं तर घाबरू नका.

हे माप एवढं महत्त्वाचं का? धनुष्यावर लिहिलेले पाउंड २८ इंचांवरचे असतात. त्याहून दर इंच कमी ओढलं की साधारण दोन ते अडीच पाउंड कमी होतात. साडेपंचवीस इंच ओढणाऱ्या माझ्या हातात ३५ पाउंडाचं धनुष्य ३० पाउंडांच्या आसपासचंच होतं, आणि मी बाण घेतले होते चाळिशीच्या घरातले.

कोणतं धनुष्य

पाउंडेजच्या, म्हणजे ओढायला लागणाऱ्या जोराच्या, बाबतीत मी हट्टाने सांगते: पहिलं धनुष्य तुमच्या ड्रॉ लेंथवर २५ ते ३५ पाउंडांचं घ्या. अंगात ताकद असेल तरीसुद्धा. कम्पाउंडला पूर्ण ओढल्यावर वजन, म्हणजे हातावर येणारा ओढीचा जोर, कमी होतं, लाँगबोला ते शेवटच्या इंचापर्यंत वाढतच जातं. जड धनुष्य घेतलेला माणूस पूर्ण ओढतच नाही, रोज वेगळ्या ठिकाणी दोरी सोडतो, आणि मग त्याला कुठलाच बाण जुळत नाही. १५४५मध्ये बुडालेलं आणि १९८२मध्ये वर काढलेलं ‘मेरी रोज’ हे इंग्लिश जहाज, त्यात सापडलेली यू नावाच्या झाडाच्या लाकडाची धनुष्यं शंभर पाउंडांहून जड होती असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पण ती ओढणारे लहानपणापासून त्यासाठीच घडवलेले होते.

प्रकार मुख्यतः दोन. एक अखंड लाकडाचा किंवा लाकडाचे थर चिकटवलेला, इंग्रजी डी अक्षरासारख्या छेदाचा. त्यात बाण थेट मुठीवरच्या बोटावर टेकतो. दुसरा चपट्या लिम्बचा, बहुधा फायबरग्लासचे थर असलेला, मुठीच्या वर बाणासाठी लहानशी शेल्फ कापलेला. मुंबईच्या हवेत पहिल्यांदाच घेणाऱ्याला मी दुसरा सुचवते; दमटपणा तो बराच सोसतो. पण जीव लाकडावरच जडला असेल तर जरूर लाकडी घ्या, माझाही तसाच आहे. फक्त पावसाळ्यात त्याची काळजी घ्यावी लागेल, त्याबद्दल खाली लिहिते.

लांबी साधारण तुमच्या उंचीएवढी किंवा थोडी जास्त. मागवताना स्वतःची ड्रॉ लेंथ कळवा आणि लेखी विचारा: हे धनुष्य जास्तीत जास्त किती इंच ओढायचं आहे, ब्रेस हाइट (मूठ ते दोरी अंतर) किती ठेवायची, आणि दोरी कसली चालते. लाकडी टोकांच्या धनुष्याला डॅक्रॉनची, म्हणजे थोडं ताणणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याची, दोरी द्या. न ताणणाऱ्या आधुनिक धाग्यांचा झटका साध्या लाकडी टोकांना चिरू शकतो.

घरी आल्यावर लगेच ओढू नका

दुसऱ्या हवेतून आलेलं लाकूड दोन-चार दिवस घरात आडवं ठेवा. मग उजेडात बोटाने चाचपत दोन्ही लिम्ब पाहा. पाठीवर (निशाणाकडच्या बाजूला) उचललेली लाकडाची शीर, पोटाच्या (तुमच्याकडच्या) बाजूला आडवी बारीक चुणी, थरांमधली फट, यांतलं काही दिसलं तर दोरी चढवू नका, फोटो काढून बनवणाऱ्याला पाठवा.

दोरी चढवायला स्ट्रिंगर (दोन्ही टोकांना अडकवून धनुष्य वाकवायची दोरी) वापरा. दोरी आणि धनुष्यामधून पाय घालून मांडीवर वाकवण्याची पद्धत बरेच जण शिकवतात, पण तिने लिम्ब पीळ खाते. दोरी चढली की ब्रेस हाइट मोजा, म्हणजे मुठीच्या आतल्या बाजूपासून दोरीपर्यंतचं अंतर. बनवणाऱ्याने आकडा दिला असेल तर तोच. नसेल तर जुनी पद्धत: मूठ धनुष्यावर ठेवून अंगठा वर केला की त्याचं टोक दोरीला जेमतेम लागावं, साधारण सहा ते सात इंच. कमी भरली तर दोरी उतरवून पिळाच्याच दिशेने काही पीळ वाढवा, दोरी आखडते. नवी दोरी पहिल्या काही दिवसांत ताणते, म्हणून रोज मोजा. हा आकडा धनुष्याच्या पिशवीवर लिहून ठेवा. तो बदलला की बाणांचं वागणं बदलतं.

पहिल्या दिवशी आधी निम्मं, मग पाऊण, मग पूर्ण असं दहा-पंधरा वेळा ओढून हळूच परत आणा. रिकामी दोरी कधीही सोडू नका. बाण नसला की ती सगळी ताकद लिम्बमध्येच जिरते आणि धनुष्य तुटू शकतं. पाहायला आलेल्या मित्राच्या हातात देतानाही हे आधी सांगा, आणि त्याचे हात तुमच्यापेक्षा लांब असतील तर देऊच नका.

नवं लाकडी धनुष्य पहिल्या शंभर-दोनशे बाणांत एखाद-दोन पाउंड उतरतं. म्हणून कायमचे बाण त्यानंतरच करा, तोवर क्लबातले उसने लाकडी बाण वापरा.

खरं वजन मोजायचं

प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुक असलेला डिजिटल काटा घ्या. दोरीच्या मध्यात हुक अडकवा, धनुष्याची मूठ टेबलाच्या कडेला जाड कापडावर टेकवा, आणि एकाने ओढायचं, दुसऱ्याने पट्टी धरून आकडा वाचायचा. मुठीच्या आतल्या खोलगट भागापासून दोरीपर्यंतच्या अंतरात पावणेदोन इंच मिळवायचे, म्हणजे ठरलेल्या पद्धतीची ड्रॉ लेंथ मिळते. माझ्या साडेपंचवीस इंचांवर काट्याने १३.४ किलो दाखवले. किलोला २.२ने गुणा: साडेएकोणतीस पाउंड. बाण जुळवताना धरायचा आकडा हाच, शाईने लिहिलेला नाही.

स्पाईन, म्हणजे बाण किती वाकतो

लाँगबोवर बाण धनुष्याच्या मधोमध बसत नाही, एका बाजूला टेकतो. दोरी सुटते तेव्हा ती बाणाची शेपटी धनुष्याच्या मध्याकडे ढकलते, पण बाणाचं अंग मुठीच्या बाजूला अडलेलं असतं. मग बाण वाकतो, मुठीभोवती वळसा घालतो, उलटा वाकतो आणि तसाच लवत लवत पुढे जाऊन सरळ होतो. नेम धरताना बाण एका बाजूला रोखलेला दिसतो आणि तरी निशाणावर लागतो, ते यामुळेच. हा वळसा नेमका पडला तर शेपटी धनुष्याला न घासता निघून जाते. बाण जास्त ताठ असेल तर तो वाकतच नाही, मुठीवर आपटून बाजूला जातो. उजव्या हाताच्या माणसाचा डावीकडे. फार लवचीक असेल तर जास्त वळून उजवीकडे.

लाकडी शाफ्टचा, म्हणजे बाणाच्या दांड्याचा, स्पाईन मोजायची ठरलेली पद्धत घरी सहज जमते. एका फळीवर २६ इंचांवर, म्हणजे ६६ सेंटिमीटरवर, दोन खिळे ठोका. त्यांवर शाफ्ट आडवा ठेवा आणि नेमका मधोमध ९०७ ग्रॅम वजन टांगा, म्हणजे दोन पाउंड. मी पाण्याची बाटली दोरीसकट काट्यावर तोलून ९०७ला आणते. शाफ्ट वजनाआधी कुठे होता आणि नंतर किती खाली आला ते मिलिमीटरमध्ये मोजा. ६६०ला त्या आकड्याने भागा, पाउंडातला स्पाईन मिळाला. २२ मिलिमीटर वाकला तर ३० पाउंड, साडेसोळा वाकला तर ४०. मोजताना शाफ्टचं टोक आपल्याकडे धरून वर्षवलयांच्या रेषा उभ्या दिसतील असा ठेवायचा, कारण धनुष्यावर तो त्याच दिशेला वाकणार आहे.

आता स्वतःचा आकडा. खऱ्या वजनापासून सुरू करा. मूळ हिशेब २८ इंचांच्या बाणाचा आणि १२५ ग्रेन (सुमारे आठ ग्रॅम) टोकाचा असतो. बाण एक इंच लांब असेल तर पाच पाउंड मिळवा, आखूड असेल तर वजा करा. टोक २५ ग्रेन जड असेल तर आणखी पाच मिळवा. डी छेदाच्या, शेल्फ नसलेल्या धनुष्याला पाचेक पाउंड वजा करा, कारण बाणाला मोठा वळसा घ्यायचा असतो. माझं गणित असं झालं: साडेएकोणतीस, त्यातून अर्धा इंच आखूड बाणाचे अडीच वजा, शेल्फ नाही म्हणून पाच वजा. उरले बावीस. म्हणजे २० ते २५च्या गटातला शाफ्ट, आणि मी मारत होते ३५ ते ४०चे. काकांना बाण वाकवूनच हे कळलं होतं.

हा आकडा सुरुवातीचा आहे. शेवटचा निर्णय निशाणासमोरच होतो, त्यामुळे सुरुवातीला दोन शेजारच्या गटांतले तीन-तीन शाफ्ट घ्या, एकदम दोन डझन मागवू नका.

शाफ्ट निवडताना

चांगले शाफ्ट पोर्ट ऑरफर्ड सीडर, स्प्रूस किंवा पाइनचे असतात, आणि ते बहुधा बाहेरून मागवावे लागतात. ‘मेरी रोज’वरचे बाण बहुतेक पॉपलरचे होते, जुन्या बाणकारांनी जवळच्या, सरळ वाढणाऱ्या लाकडावरच काम केलं. म्हणून रे रोडच्या लाकूड बाजारात मीही चकरा मारल्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या गोल काठ्या दिसायला तशाच असतात, पण त्यातल्या बहुतेक घेऊ नका. कारण रेषा. शाफ्टवरच्या लाकडाच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड जायला हव्यात. त्या मध्येच तिरक्या होऊन कडेला बाहेर पडत असतील तर बाण तिथेच तुटणार, आणि तो तुटतो दोरी सुटताना, म्हणजे चिरलेलं टोक तुमच्या मनगटात. या एका बाबतीत काटकसर करू नका.

जाडी ५/१६ इंच म्हणजे साधारण ८ मिलिमीटर, किंवा ११/३२ म्हणजे पावणेनऊ. हलक्या धनुष्याला पहिली. काचेवर लोळवून सरळपणा पाहा, किंचित वाक असेल तर तळहाताने उबवत उलटा दाबून निघतो.

मग वजन. सोनाराच्या पद्धतीचा खिशातला काटा पुरतो; एक ग्रॅम म्हणजे १५.४ ग्रेन. तयार बाणाचं एकूण वजन धनुष्याच्या दर पाउंडाला निदान दहा ग्रेन तरी हवं, फार हलका बाण म्हणजे जवळजवळ रिकामी दोरी सोडणं. माझे बाण ३७० ग्रेनच्या आसपास, म्हणजे २४ ग्रॅम. दर पाउंडाला बारा-साडेबारा पडतात. वेग थोडा कमी, पण धनुष्य शांत राहतं. एका संचातल्या बाणांत दहा ग्रेनहून जास्त फरक नको, आणि स्पाईनचा फरक पाच पाउंडांच्या आत.

बाण बांधायचा

शाफ्ट हव्या त्या लांबीपेक्षा दीड इंच लांबच ठेवा. पेन्सिलला टोक करायच्या यंत्रासारखं टेपर टूल मिळतं: नॉकच्या, म्हणजे दोरीत बसणाऱ्या खाचेच्या टोपीच्या, बाजूला ११ अंश, टोकाच्या बाजूला ५ अंश.

नॉकची दिशा चुकवू नका. बाण धनुष्यावर असताना नॉकची खाच उभी, दोरीला धरून. आणि शाफ्टच्या टोकावरच्या वर्षवलयांच्या रेषा त्या खाचेला काटकोनात, आडव्या. म्हणजे ताठ बाजू धनुष्याकडे येते. शाफ्टच्या वरच्या अंगावर रेषांचे जे टोकदार भाले दिसतात, त्यांची टोकं निशाणाकडे जायला हवीत. दुर्दैवाने बाण चिरला तर चीर हातापासून लांब जाते.

पॉलिश पिसं लावण्याआधी. सुतार चपडी लाख सुचवेल. दिसते सुंदर, पण दमट हवेत पांढरट पडते. मी पॉलियुरेथेनचे तीन पातळ हात देते, प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिश पेपर.

पिसं टर्कीची, चार इंची, तीन. सगळी एकाच पंखाची, सगळी डावी किंवा सगळी उजवी. मिसळली तर एक बाण एकीकडे फिरेल, दुसरा दुसरीकडे. प्लास्टिकची पाती इथे चालत नाहीत, ती मुठीवर आपटतात. पीस मात्र दबून निघून जातं. वेगळ्या रंगाचं पीस खाचेला काटकोनात, धनुष्यापासून बाहेरच्या बाजूला. चिकटल्यावर पिसाच्या पुढच्या टोकावर दोऱ्याचे सात-आठ वेढे आणि त्यावर गोंदाचा थेंब. बाण बोटावरून जात असेल तर हे वेढे आवश्यकच आहेत. पिसाचा सुटलेला काटा हाताची कातडी फाडतो. तरीही मुठीच्या हातात पातळ चामड्याचा मोजा घाला.

टोक साधं फील्ड पॉइंट (सरावाचं धातूचं टोक), हॉट मेल्ट, म्हणजे गरम केल्यावर वितळणाऱ्या गोंदाच्या, काडीने चिकटवलेलं. मेणबत्तीवर गरम केलं की निघतं, आणि आता ते पुष्कळदा काढावं लागणार आहे.

निशाणासमोर

दोरीवर बाण बसवायची खूण गुण्या लावून काटकोनाच्या अर्धा इंच वर बांधा, साध्या दोऱ्याची गाठ पुरते. मग आठ-दहा मीटरवर उभ्या राहा. चार बाण पिसांचे, दोन बिनपिसांचे. पिसांचे बाण एकत्र पडू लागेपर्यंत बिनपिसांचा हातात घेऊ नका; तुमची सोडच अस्थिर असेल तर ही परीक्षा खोटं सांगते.

उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बिनपिसांचा बाण घोळक्याच्या डावीकडे गेला तर शाफ्ट ताठ आहे: टोक जड करा किंवा खालच्या गटात जा. उजवीकडे गेला तर मऊ आहे: पाव इंच कापा, पुन्हा टेपर करा, टोक चिकटवा, पुन्हा मारा. एका वेळी पाव इंचच. मला साडेसत्तावीस इंचांवर मेळ लागला, तीन संध्याकाळी गेल्या. बाण तुमच्या ड्रॉपेक्षा निदान एक इंच लांब राहायलाच हवा. त्याच्या खाली कापू नका, त्यापेक्षा दुसरा शाफ्ट घ्या.

बिनपिसांचा बाण शेपटी वर करून घुसत असेल तर खूण खाली आणा, शेपटी खाली असेल तर वर न्या. मेळ लागला की लांबी, टोकाचं वजन, स्पाईन, ब्रेस हाइट वहीत लिहा आणि उरलेले शाफ्ट त्या मापावर करा. प्रत्येक बाणावर अनुक्रमांक घाला. चार नंबरचा बाण रोज बाहेरच पडतो आहे हे अंकाशिवाय कळत नाही.

मारायला सुरुवात करण्याआधी प्रत्येक बाण हलकेच वाकवून, गोल फिरवून पाहा आणि कानाशी धरा. कट् असा बारीक आवाज आला तर त्याचे तिथेच दोन तुकडे करा, म्हणजे दुसरं कुणी चुकून उचलणार नाही.

पाऊस आणि लोकल

जून ते सप्टेंबर लाकूड हवेतलं पाणी पितं. माझं धनुष्य जुलैत पाउंडभर हलकं लागतं आणि बाण किंचित डावीकडे सरकतात. तेव्हा नेम नाही, टोक बदलते. मारून झालं की दोरी उतरवा. धनुष्य दोन खुंट्यांवर आडवं ठेवा; कोपऱ्यात तिरकं टेकवून, पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर किंवा बंद माळ्यावर नको. दबलेली पिसं किटलीच्या वाफेवर धरली की पुन्हा फुलतात. चामड्याच्या मुठीवर बुरशी येते, आठवड्यातून एकदा कोरड्या कापडाने पुसा.

नेआण करायला नळाच्या दुकानातून पीव्हीसी पाइप कापून आणा, दोन्ही टोकांना टोप्या, आत जुन्या ओढणीत गुंडाळलेलं धनुष्य. बाण वेगळ्या नळीत, टोकं खाली. मी दुपारी बाराच्या पुढची गाडी धरते आणि पाइप उभा धरून दरवाज्यापासून लांब उभी राहते. काय आहे विचारलं तर सांगते, तिरकमठा. हा शब्द सगळ्यांना कळतो, आणि उतरेपर्यंत कुणीतरी गावाकडच्या बांबूच्या कामठ्याची गोष्ट सांगायला लागलेलं असतं.